शुगर कंट्रोलमध्ये आहे, मग पायांचं एवढं काय? (बाबांना पालखीबरोबर चालायचंय)

पेठेतला_थोरला
नमस्कार मंडळी. बाबा ७१ वर्षांचे, शुगर होऊन १९ वर्षं झाली. गोळ्यांवर आहेत, इन्सुलिन नाही. मागच्या महिन्यात एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ७.२ आलं तेव्हा घरात पेढे वाटायचेच बाकी होते, आणि वाटले असते तर पहिला त्यांनीच उचलला असता. तर मुद्दा असा की वर्षभरापासून ते म्हणतायत पाय जड वाटतात, फरशीवर चालताना मधे पातळ गादी घातल्यासारखं वाटतं. दुखत मात्र नाही. आणि तेच त्यांचं पालुपद, "दुखत नाही ना, मग झालं तर." घरात अनवाणीच. चप्पल घाला म्हटलं की "देवघरात चप्पल घालून जाऊ का?" हे ठरलेलं उत्तर.

आता यंदा डोक्यात बसलंय की आळंदीहून पुण्यापर्यंत माउलींच्या पालखीबरोबर चालायचं. २० किलोमीटरच्या वरच होतं ते. आई रडकुंडीला आलीये. माझे प्रश्न दोन. शुगर कंट्रोलमध्ये असेल तर पायांची वेगळी काळजी खरंच लागते की हा सगळा घाबरवायचा धंदा आहे? आणि लागत असेल तर घरी नक्की करायचं काय? नेटवर "पाय स्वच्छ व कोरडे ठेवा" यापलीकडे काही सापडत नाही.

मिसळ_कमी_तिखट
पहिली सूचना: ते पेढे इकडे पाठवा. पत्ता व्यनि करतो.

कर्वेनगरची_सून
"दुखत नाही" वाचलं आणि काटाच आला अंगावर. आमचं सांगते.

४ वर्षांपूर्वीची गोष्ट, गौरी आणल्या त्या दिवशी दारापासून हॉलपर्यंत कुंकवाची पावलं काढलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर एकेक लाल ठिपका बाथरूमकडे गेलेला. धाकटी म्हणाली, आई, गौर रात्री बाथरूमला जाऊन आली वाटतं. आम्ही सगळे हसलो, मी पुसून टाकलं. पुसताना फडक्यावर लाल न उतरता तपकिरी उतरलं तेही मी बघितलं, पण घरात २५ माणसं जेवायला, कुठे थांबणार.

ते सासऱ्यांचं रक्त होतं. पुठ्ठ्याच्या मखराची ड्रॉइंग पिन तळपायात पार डोक्यापर्यंत घुसलेली आणि ती घेऊन ते आदल्या दिवशी संध्याकाळभर पाहुण्यांना पानं वाढत फिरत होते. रात्री कधीतरी दिसली, स्वतःच उपटून काढली, वर हळद दाबली आणि सणात अपशकुन नको म्हणून कुणालाच बोलले नाहीत. पाचव्या दिवशी शुगर ३८०. सगळ्यांनी खापर मोदकांवर फोडलं! सातव्या दिवशी ताप आला आणि मोजा काढल्यावर वास आला तेव्हा कळलं. अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागलं. त्यांचं एचबीएवनसी त्याआधी ७.४ होतं, म्हणजे तुमच्या बाबांच्या आसपासच.

एकटा_जीव_सहकारनगर
बाप रे. गौरीच्या पावलांकडे आता कधीच पूर्वीसारखं बघता येणार नाही.

ड्रेसिंगवाली_ताई
थोरले, मी १३ वर्षं पायाच्या जखमांचं ड्रेसिंग करते, डॉक्टर नाही, तेव्हा औषधांबद्दल बोलणार नाही. पण पायांबद्दल बोलते.

आधी तुमचा पहिला प्रश्न. एचबीएवनसी म्हणजे साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी, कारण लाल पेशी जगते तीनचार महिने. बाबांच्या नसा १९ वर्षांच्या हिशोबावर चालतात. शुगर नीट ठेवली तर पुढचं नुकसान कमी होतं आणि हे १९९३ साली अमेरिकेतल्या डीसीसीटी अभ्यासात टाइप वनच्या पेशंटमध्ये स्पष्ट दिसलंय, म्हणून ७.२ ला कमी लेखू नका. पण जी नस बधिर झाली ती बहुतेक वेळा पूर्ण परत येत नाही. गादीवर चालल्यासारखं वाटणं ही तीच तक्रार आहे. दुखणं हा पायाचा राखणदार असतो, तो झोपलाय. मग राखण डोळ्यांनी आणि हातांनी करावी लागते, एवढाच सगळा प्रकार आहे.

आता घरी काय. रोज एकदा, ठरलेल्या वेळी, उजेडात पाय बघायचे. रात्री जेवणानंतर बरं पडतं कारण दिवसभराचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून त्यावर पाय धरायचा. बोटांच्या बेचक्या उघडून बघायच्या, पावसाळ्यात चिखल्या तिथेच होतात. हाताच्या पालथ्या बाजूने दोन्ही पाय चाचपायचे, एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर ते लक्षण आहे. नखं सरळ कापायची, कोपरे खोल गोल करायला गेलात की नखुरडं. भोवरी किंवा घट्टा ब्लेडने तासायचा नाही, आणि मेडिकलमध्ये कुरूप घालवायची जी पट्टी मिळते ती अजिबात नाही, त्यात अ‍ॅसिड असतं, ते कुरूप आणि चांगली कातडी यात फरक करत नाही. आंघोळीचं पाणी पायाने बघायचं नाही, कोपराने बघायचं. मोजे पांढरे घाला, डाग लगेच दिसतो. चप्पल-बूट घालायच्या आधी हात घालून झटकायचे, मी एकाच्या बुटातून नातवाची खेळण्यातली गाडी काढलेली आहे, दिवसभर ऑफिस करून आले होते ते.

जखम दिसली तर हळद, तूप, पेटवलेला कापूस, शेजारच्यांचं मलम काहीही नाही. स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ कोरडं कापड बांधा आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी दाखवा. आणि कर्वेनगर ताईंनी जे सांगितलं ते लिहून ठेवा, खाण्यात बदल नसताना शुगर एकदम चढली तर पाय बघा. जंतुसंसर्गाने शुगर वाढते आणि वाढलेल्या शुगरमुळे जखम भरत नाही, असा तो फेरा असतो.

कोथरूडकर_काका
एवढा बाऊ कशाला. आमची आजी ९१ वर्षं जगली, पायाला रोज रात्री कोकमाचं तेल. भेगा म्हणून नव्हत्या. तो कोकमाचा गोळा पळीत वितळवायचा आणि भेगेत गरमगरम सोडायचा, सकाळी पाय लोण्यासारखा.

ड्रेसिंगवाली_ताई
काका, आजींना शुगर होती का?

कोथरूडकर_काका
माहीत नाही. तेव्हा कोण तपासत होतं.

ड्रेसिंगवाली_ताई
तेच म्हणतेय मी. कोकम तेलाशी माझं वैर नाही. बधिर पायाला घाम येणं कमी होतं, कातडी कोरडी पडते, भेगा पडतात, तेव्हा काहीतरी स्निग्ध लावायलाच हवं, मग साधं व्हॅसलीन असो की कोकम. फक्त बोटांच्या मधे नको आणि फाटून रक्त आलेल्या भेगेत नको. वैर आहे ते त्या पळीशी. आजींना चटका कळत होता, म्हणून तेल किती गरम ते त्यांचा पाय सांगत होता. मागच्या डिसेंबरात एक आजी आल्या होत्या, दोन्ही टाचांना पळीच्या तोंडाच्या आकाराचे फोड. त्या म्हणाल्या तेल कोमट होतं. त्यांच्या पायाला ते कोमटच लागलं होतं. थंड गोळा हातावर चोळून लावा, तळहाताच्या उबेने वितळतं.

देवगडचा_पाव्हणा
कोकमाच्या बाजूने कुणी बोललं नसतं तर मला कोकणातून इथे यावं लागलं असतं. ताई, तुम्ही लाज राखलीत.

टिळक_रोड_पायी_पायी
मला वेगळीच चीड आहे. १८ वर्षं शुगरसाठी दर तीन महिन्यांनी तपासायला जातोय, नाव घेत नाही, मोठी जागा आहे, रांग असते. वजन, बीपी, रिपोर्ट, पुढची चिठ्ठी, चार मिनिटांत बाहेर. १८ वर्षांत एकदाही कुणी मला मोजे काढायला सांगितले नाहीत. मागच्या वेळी मीच काढून बसलो तर कंपाउंडर म्हणाला काका, बूट बाहेर.

मिसळ_कमी_तिखट
हाहाहा "काका बूट बाहेर". पुण्यातच होऊ शकतं हे.

ड्रेसिंगवाली_ताई
हसू नका, हीच युक्ती आहे. आत जायच्या आधीच मोजे काढून खिशात ठेवा, उघडा पाय समोर दिसला की बघावाच लागतो. वर्षातून एकदा तरी पायाची तपासणी व्हायलाच हवी, ती मागून घ्या. नायलॉनचा एक दोरा असतो, मोनोफिलामेंट, तळपायावर टेकवून वाकेपर्यंत दाबतात. १० ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो. तेवढा दाब कळत नसेल तर पाय धोक्यात. १२८ हर्ट्झचा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) वाजवून अंगठ्यावर ठेवतात, कंप कळतो का बघायला. आणि घोट्याजवळची नाडी.

घरी करायचं असेल तर त्याहून सोपं आहे. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी काढलेली टच टेस्ट. माणसाला झोपवून डोळे मिटायला सांगा. तुमच्या तर्जनीने पायाच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला अगदी हलका स्पर्श करा, एकदोन सेकंद, दाबायचं नाही, टोचायचं नाही. दोन्ही पाय मिळून सहा जागा. सहापैकी दोन किंवा जास्त कळल्या नाहीत तर दाखवायला जा.

पेठेतला_थोरला
आत्ता करून आलो. सांगतो काय झालं. बाबा झोपले, डोळे मिटले. उजवा अंगठा, "लागलं". मधलं बोट, "लागलं". मला संशय आला म्हणून मी हात मागे घेऊन नुसता बसलो. दोन सेकंदांनी बाबा, "लागलं". आई फिस्सकन हसली. मग बाबांच्या तोंडावर उशी ठेवली, म्हणजे डोळ्यांवर, गैरसमज नको, आणि अध्येमध्ये थांबत केलं. सहापैकी चार नाही कळल्या. दोन्ही करंगळ्या आणि दोन्ही अंगठे. शेवटी ते उठून बसले आणि स्वतःच अंगठा दाबून बघत राहिले बराच वेळ. काही बोलले नाहीत. उद्या नंबर लावतोय.

कर्वेनगरची_सून
जा जा, लगेच जा. बाबांना सांगा लबाडीला मार्क कापतात.

बारीक_पण_गोड
मी ४१ चा, ५८ किलो, पोट नावाला, तरी दोन वर्षांपूर्वी शुगर निघाली. सगळे म्हणतात तू एवढा बारीक, तुला कशी काय. आपल्याच पुण्यात केईएमच्या डॉ. याज्ञिकांनी हे जगाला दाखवलंय. २००४ साली लॅन्सेटमध्ये त्यांचा आणि त्यांचे गोरे सहकारी डॉ. युडकिन यांचा शेजारीशेजारी फोटो छापून आला होता, दोघांचा बीएमआय एकच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. तेव्हा घरातल्या काटकुळ्यांनी पण फास्टिंग (उपाशीपोटीची) शुगर तपासून घ्या.

आंबेगाव_बुद्रुक
बरं मग आंबा खायचा की नाही? सीझन चाललाय म्हणून विचारतो.

बारीक_पण_गोड
मी अर्धा हापूस खातो, जेवणावर नाही, त्या वेळची पोळी सोडून. दोन तासांनी मोजतो. आमरसाची वाटी म्हणजे दोनतीन आंबे कळायच्या आत पोटात, ती बंद.

कोथरूडकर_काका
आणि गुळाचा चहा? त्याने काही होत नाही ना?

टिळक_रोड_पायी_पायी
काका, गूळही साखरच हो. रक्ताला रंग दिसत नाही. अमृततुल्यचा कप असो नाहीतर गुळाचा, मीटरला सारखाच. त्यापेक्षा जेवण झालं की १०-१५ मिनिटं चाला, त्याने माझं पीपी (जेवणानंतरची शुगर) खरंच उतरलं. पायात नीट काहीतरी घालून.

एकटा_जीव_सहकारनगर
धाग्याचा विषय पाय आहे. आंब्यावरून पायांवर येऊया.

माझा उलटा प्रश्न आहे. माझं एचबीएवनसी १२ होतं ते साडेतीन महिन्यांत ७ वर आणलं, आणि आता पाय जळतात. रात्री पांघरूण सहन होत नाही. म्हणजे शुगर कमी केल्याने बिघडलं का? इतके दिवस बरं होतं की.

ड्रेसिंगवाली_ताई
फार वेगाने खाली आणली की काही जणांना असं होतं, नसा कुरकुरतात. बहुतेकांचं काही महिन्यांत हळूहळू कमी होतं. त्यासाठी गोळ्या असतात, डॉक्टरांना नक्की सांगा, पण स्वतःहून शुगरचं औषध सोडू नका. आणि मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ तपासून घ्या, ते कमी असलं तरी मुंग्या येतात आणि खापर शुगरवर फुटतं. आग होते म्हणून बर्फाच्या पाण्यात पाय बुडवू नका.

पेठेतला_थोरला
जाऊन आलो. दोऱ्याच्या तपासणीत दोन्ही पायांचा पुढचा भाग बधिर. रक्तपुरवठा ठीक आहे, घोट्याचं आणि दंडाचं बीपी मोजून गुणोत्तर काढलं, ते चांगलं आलं. उजव्या चवड्याखाली घट्टा होता तो तिथे तासून दिला, खाली लालसर डाग निघाला, म्हणाले अजून महिनाभर तसेच चालले असते तर फुटला असता. घरात-बाहेर एमसीआरची (मऊ रबराच्या तळाची) सँडल, मागे पट्टा असलेली. आळंदीहून चालायला चक्क नाही म्हणाले.

आणि इथे नवीन तिढा. बाबा ती सँडल घालायला तयार नाहीत. दुकानात बघूनच म्हणाले, "ही महारोग्यांची चप्पल आहे. लहानपणी मी बघितलीये." परत गाडीत बसले.

कोथरूडकर_काका
खरंय त्यांचं. मलाही हेच वाटलं असतं.

ड्रेसिंगवाली_ताई
काका, थोरले, बाबांना हे वाचून दाखवा. आठवण त्यांची बरोबर आहे, तेच रबर. वेल्लोरला पॉल ब्रँड नावाचे सर्जन कुष्ठरुग्णांवर काम करायचे. लोक समजायचे की या रोगात बोटं झडतात. ब्रँड यांनी दाखवून दिलं की झडत काही नाही, पाय बधिर असतो, म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो आणि बोट जातं. मऊ चप्पल घातली, रोज पाय बघितले की पाय टिकतो. शुगरच्या पायाला नेमकं तेच होतं. आज शुगरच्या पायांसाठी आम्ही जे करतो त्यातलं बरंचसं त्या पेशंटकडून शिकलेलं आहे. लाज कसली.

आणि मागचा पट्टा का, तर बधिर पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही. मंडईतून एका पायात चप्पल घालून घरी आलेले आजोबा मी बघितलेत. आता वरून साध्या चामड्याच्या सँडलसारखी करून मिळते, नुसतं आतलं तळ एमसीआरचं.

कर्वेनगरची_सून
देवघराचा प्रश्न आम्ही असा सोडवला की नवा जोड, बाहेर कधीच न घातलेला, तो फक्त घरात. सासरे म्हणाले मग तो सोवळ्यातला. चालेल म्हटलं, सोवळ्यातला तर सोवळ्यातला. सासूबाईंची जोडवी पण काढून ठेवली तेव्हा, पाय सुजला की रुतत होती, त्यावरून मात्र महिनाभर बोलणं बंद होतं.

दिंडी_क्रमांक_माहीत_नाही
माउली. मी ११ वाऱ्या केल्यात, त्यातल्या ८ शुगरसकट. पण माझ्या पायाला अजून सगळं कळतं, म्हणून मला मुभा आहे. थोरले, तुमच्या बाबांना डॉक्टर नाही म्हणाले तर नाही.

ज्यांना परवानगी आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. नवे बूट वारीत काढायचे नाहीत, दोन महिने आधी घेऊन रोज थोडेथोडे चालायचे. बूट संध्याकाळी घ्यायचे, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. कागदावर उभं राहून पावलाचा आकार काढायचा, कापायचा आणि तो कागद बुटात घालून बघायचा, चुरगळला तर बूट अरुंद आहे. मोज्यांचे चार जोड, भिजले की बदलायचे, प्रत्येक विसाव्याला पाय उघडे करून बघायचे. वाटेत लोक प्रेमाने पाय चोळून देतात, गरम तेल असेल तर आधी हाताने बघा.

शुगरचं सांगतो. वाटेत केळी, राजगिरा लाडू, चहा, दर पावलाला कुणीतरी हातात देतंच, नाही म्हणवत नाही. त्याने चढते. आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर चालून चालून एकदम उतरते पण. दिवे घाटात माझी ५८ झाली होती, घाम, थरथर, समोर सगळं पिवळं. ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत मोजायचं. बिस्किटाने वेळ लागतो. पुडी कायम खिशात, पिशवीत नाही, पिशवी ट्रकमध्ये जाते.

आणि विठोबा पायातलं बघत नाही हो. निम्मी दिंडी कॅनव्हासच्या बुटात असते.

मिसळ_कमी_तिखट
वाचनखूण साठवली. या वेळी खरंच, विनोद नाही. आईला शुगर आहे, आज रात्री टच टेस्ट.

पेठेतला_थोरला
धागा वर काढतोय, उशीर झाला, पण पालखी होऊन गेली तेव्हा सांगायलाच हवं.

बाबांना तो ब्रँड डॉक्टरांचा परिच्छेद मी वाचून नाही दाखवला, मोबाइल त्यांच्या हातात दिला. दोनदा वाचला. दुसऱ्या दिवशी म्हणाले चल, पण रंग काळा घेऊ. घेतली.

आळंदीचं रद्द झालं. परत डॉक्टरांना विचारलं, घट्ट्याखालचा डाग पूर्ण गेला होता, ते म्हणाले दोनतीन किलोमीटर, मधे बसत. म्हणून पाटील इस्टेटपासून पालखीत शिरलो आणि फर्ग्युसन रस्त्याला तुकाराम पादुका चौकापर्यंत चाललो. मधे दोनदा फुटपाथवर बसवून सँडल काढून पाय बघितले. दुसऱ्या वेळी शेजारी बसलेल्या एका वारकरी आजींनी विचारलं काय शोधता, बाबांनी त्यांना शुगर, नसा, दोरा, सगळं समजावलं आणि आजींचेही पाय बघितले. टाचेत काटा निघाला. त्यांना शुगर आहे की नाही ते त्यांनाच माहीत नव्हतं. बाबांनी त्यांच्या दिंडीतल्या पोराला बोलावून दम दिला की पंढरपूरहून परत गेलात की हिची शुगर तपासा.

कालनिर्णयवर बाबा रोजच्या चौकोनात फास्टिंग लिहायचेच, आता त्याखाली "उ. ठीक, डा. ठीक" असतं. शुक्रवारी "डा. करंगळी लाल?" होतं, दुसऱ्या दिवशी "ठीक, पट्टा सैल केला".

दिंडी_क्रमांक_माहीत_नाही
रामकृष्ण हरी. वारी झाली की हो त्यांची.

कोथरूडकर_काका
टच टेस्ट केली. सहापैकी एक नाही कळली. पळी बंद केली आहे.

नवी_पेठ_जुनी_मी
सगळा धागा आज वाचला. एक शंका, आईची एमसीआरची सँडल पावसात भिजली की दोन दिवस दमट राहते आणि ती तशीच घालते. काय करता तुम्ही?

ड्रेसिंगवाली_ताई
दोन जोड करा, आलटून पालटून. पंख्याखाली वाळवायची, शेगडीजवळ किंवा हेअर ड्रायरने नको, तळ वाकडं होतं. आणि बेचक्या पुसायचा रुमाल वेगळा ठेवा.